जप्तीचा आकडा वाढला म्हणजे तस्करी वाढली की कारवाई?

नकाशावाचक

नमस्कार. अमली पदार्थांच्या तस्करीविषयीचे निरनिराळ्या प्रदेशांचे अहवाल मी सध्या सलग वाचतो आहे, आणि त्यातून पडलेले दोन प्रश्न येथील जाणकारांपुढे ठेवावेत असे वाटले.

पहिला प्रश्न जप्तीच्या आकड्यांविषयी आहे. बेल्जियममधील अँटवर्प बंदरात २०२२ मध्ये सुमारे ११० टन आणि २०२३ मध्ये सुमारे ११६ टन कोकेन पकडले गेले. २०२४ मध्ये हा आकडा ४४ टनांच्या आसपास उतरला. जप्ती वाढली की यंत्रणा सजग झाल्याचे सांगितले जाते आणि जप्ती घटली की तस्कर त्या मार्गापासून दूर गेल्याचे सांगितले जाते. वाढ आणि घट या दोहोंचा अर्थ जर एकच निघत असेल, तर या आकड्यावरून एखाद्या प्रदेशातील परिस्थिती सुधारली की बिघडली हे ठरवायचे कसे?

दुसरा प्रश्न हिंसाचाराचा आहे. इक्वेडोरमध्ये कोकाची, म्हणजे ज्याच्या पाल्यापासून कोकेन बनते त्या झुडपाची, लागवड जवळजवळ होत नाही. २०१८ मध्ये तेथे दर लाख लोकसंख्येमागे सुमारे ६ खून होत असत. २०२३ मध्ये हे प्रमाण ४५ च्या आसपास पोहोचले. याउलट कोका पिकवणाऱ्या देशांत कोलंबिया आणि पेरू यांच्या पाठोपाठ येणाऱ्या बोलिव्हियात खुनांचे प्रमाण तुलनेने कमी राहिले आहे. पीक एका देशात आणि प्रेते दुसऱ्या देशात, असे का होते? केवळ पोलीस दुबळे होते, एवढ्या उत्तराने माझे समाधान होत नाही.

दीपस्तंभ

आपल्या पहिल्या प्रश्नापुरते लिहितो, कारण माझे वाचन मुख्यतः बंदरांविषयीचे आहे.

जप्तीच्या आकड्यात बंदरातून जाणारा माल आणि त्यावर पडणारी नजर या दोन्ही गोष्टी मिसळलेल्या असतात, आणि नुसत्या आकड्यावरून त्या वेगळ्या करता येत नाहीत. २०२१ च्या मार्चमध्ये बेल्जियम, फ्रान्स आणि नेदरलँड्स येथील पोलिसांनी ‘स्काय ईसीसी’ या सांकेतिक संदेशसेवेत शिरून गुन्हेगारी टोळ्यांचे आपसातील संदेश वाचले होते. त्याच्या आदल्या वर्षी ‘एन्क्रोचॅट’ या अशाच सेवेचे तेच झाले होते. कोणता कंटेनर उघडायचा हे ज्या काळात अगोदर कळू लागते, त्या काळात जप्ती वाढणारच. त्या वाढीचा एक भाग माहितीचा आहे आणि दुसरा भाग उत्पादनाचा आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थ व गुन्हेगारीविषयक कार्यालयाच्या अंदाजानुसार कोलंबियातील कोकाखालील क्षेत्र २०२२ मध्ये २,३०,००० हेक्टर होते, ते २०२३ मध्ये २,५३,००० हेक्टर झाले आणि कोकेनचे संभाव्य उत्पादन १,७३८ टनांवरून २,६६४ टनांवर गेले. (उत्पादन मोजण्याच्या या पद्धतीवर पुढे खुद्द कोलंबियाच्या सरकारने आक्षेप घेतला, हेही नोंदवले पाहिजे. क्षेत्र उपग्रहाच्या छायाचित्रांवरून मोजता येते, परंतु हेक्टरी किती पाला निघाला आणि त्यातून किती कोकेन निघाले, यासाठी थोड्या शेतांतील नमुन्यांवर विसंबावे लागते.)

म्हणून जप्तीच्या शेजारी घाऊक किंमत आणि शुद्धता हे दोन आकडे ठेवल्याशिवाय तो आकडा वाचूच नये, असे माझे मत आहे. जप्ती वाढली, किंमत चढली आणि मालातील भेसळही वाढली, तर पुरवठ्याला खरोखर धक्का बसला असे म्हणता येते. युरोपात मात्र विक्रमी जप्तीच्या वर्षांतही कोकेन महाग झाले नाही आणि त्याची शुद्धताही उच्च राहिली. पकडला जाणारा माल टोळ्यांनी आपल्या खर्चात आधीच धरलेला होता, असाच त्याचा अर्थ होतो. कोका पिकवणाऱ्या भागातील किंमत आणि युरोपातील घाऊक किंमत यांत इतके मोठे अंतर आहे की अनेक खेपांपैकी एखादी बुडाली तरी धंदा नफ्यातच राहतो.

आणखी एक साधन अलीकडे उपयोगी ठरले आहे, ते म्हणजे शहरांच्या सांडपाण्याचे परीक्षण. कोकेन शरीरात गेल्यावर जे रसायन मूत्रावाटे बाहेर पडते, त्याचे प्रमाण मलनिस्सारण केंद्रात मोजले की त्या शहरातील एकूण सेवनाचा अंदाज येतो. हा आकडा पोलिसांच्या तत्परतेवर अवलंबून नसतो, हे त्याचे मोठे बळ. पश्चिम आणि दक्षिण युरोपातील अनेक शहरांत अशी मोजणी नियमितपणे होते आणि अँटवर्पचे नाव त्या यादीत सातत्याने वरच्या क्रमांकांत असते.

आता २०२४ च्या घटीविषयी. त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये स्पेनच्या अल्जेसिरास बंदरात इक्वेडोरहून आलेल्या केळ्यांच्या एकाच कंटेनरमध्ये तब्बल १३ टन कोकेन सापडले. अँटवर्पच्या संपूर्ण वर्षाच्या जप्तीशी त्याची तुलना करून पाहावी. एक कंटेनर पकडला गेला वा सुटला, एवढ्यावर एखाद्या देशाचा वार्षिक कल बदललेला दिसू शकतो. शिवाय मोठ्या बंदरात तपासणी कडक झाली की माल लहान बंदरांकडे वळतो, खोल समुद्रात एका बोटीतून दुसरीत उतरवला जातो, किंवा कोळसा, प्लास्टिक अशा वस्तूंत रासायनिक पद्धतीने मुरवून पाठवला जातो आणि युरोपातील प्रयोगशाळांत पुन्हा वेगळा काढला जातो. तेव्हा अँटवर्पची घट खरी असेलही, पण ती अँटवर्पपुरती. तिच्यावरून युरोपविषयी निष्कर्ष काढता येत नाही.

उत्तरायण

दीपस्तंभ यांचे विवेचन पटले. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देण्याचा मी प्रयत्न करते.

हिंसाचार मालाच्या प्रमाणात वाढत नाही. ज्या वाटेने माल जातो तिच्यावर कोणाचा ताबा आहे हे अनिश्चित झाले, की तो वाढतो. एकाच टोळीचे वर्चस्व पक्के असेल, किंवा टोळ्या आणि अधिकारी यांच्यात जुना समझोता असेल, तर हजारो किलो माल गाजावाजा न होता निघून जातो. हा समझोता समाजासाठी हिंसाचाराइतकाच घातक असतो, हे मी मुद्दाम नोंदवते. परंतु तो मोडतो तेव्हा जे घडते, तेच आपण इक्वेडोरमध्ये पाहतो आहोत.

इक्वेडोर कोलंबिया आणि पेरू या दोन सर्वांत मोठ्या कोका उत्पादकांच्या मध्ये आहे. कोलंबियाचे नारिन्यो आणि पुतुमायो हे प्रचंड लागवडीचे प्रांत थेट त्याच्या उत्तर सीमेला लागून आहेत. देशाने २००० मध्ये अमेरिकी डॉलर हेच आपले चलन केले, त्यामुळे काळा पैसा तेथे जिरवणे सोपे झाले. जगात सर्वाधिक केळी निर्यात करणारा हा देश, आणि केळी हा नाशवंत माल. ग्वायाकिल बंदरात कंटेनर फार काळ अडवून ठेवणे परवडत नाही. कंटेनरचे सील तोडून आत खेप ठेवायची, हुबेहूब बनावट सील लावायचे आणि पलीकडच्या बंदरात हाताशी धरलेल्या कामगारांनी ती काढून घ्यायची, ही पद्धत अशा व्यापारात सहज रुजते.

हे सगळे २०१८ पूर्वीही होतेच. मग बदलले काय? कोलंबियात २०१६ मध्ये सरकार आणि फार्क ही बंडखोर संघटना यांच्यात शांतता करार झाला. सीमाभागातील वाहतुकीवर ज्या एका संघटनेची हुकमत होती ती शस्त्रे खाली ठेवून निघून गेली आणि तिच्या जागी फुटीर गटांची गर्दी झाली. शांतता करार चुकीचा होता, असे मला अजिबात म्हणायचे नाही. त्याने फार्कशी चाललेले अर्धशतकाचे युद्ध थांबवले. पण रिकाम्या झालेल्या जागेत सरकार वेळेवर पोहोचले नाही, आणि त्याची किंमत कराराशी संबंध नसलेल्या शेजाऱ्याने मोजली. इक्वेडोरमधील ‘लोस चोनेरोस’सारख्या टोळ्या या गटांसाठी, मेक्सिकोतील कार्टेलसाठी आणि बाल्कन प्रदेशातील दलालांसाठी माल वाहू लागल्या, मग त्यांच्यातच फूट पडली आणि ‘लोस लोबोस’सारखे प्रतिस्पर्धी उभे राहिले. पहिला मोठा भडका तुरुंगांत उडाला. २०२१ च्या फेब्रुवारीत एकाच दिवशी निरनिराळ्या तुरुंगांत मिळून ७९ कैदी मारले गेले आणि सप्टेंबरमध्ये ग्वायाकिलच्या तुरुंगात शंभराहून अधिक. ऑगस्ट २०२३ मध्ये अध्यक्षपदाचे उमेदवार फर्नांदो व्हियाव्हिसेन्सियो यांची प्रचारादरम्यान हत्या झाली. जानेवारी २०२४ मध्ये बंदूकधारी तरुण एका दूरचित्रवाणी केंद्रात चालू प्रक्षेपणात घुसले आणि अध्यक्षांनी देशात अंतर्गत सशस्त्र संघर्ष असल्याचे जाहीर करून लष्कर उतरवले. त्या वर्षी खून काहीसे घटले, परंतु २०२५ च्या पहिल्या सहामाहीत ते पुन्हा वाढले. मोठे म्होरके पकडले गेले की त्यांच्या हाताखालचे लहान गट आपसात लढतात आणि वाहतुकीचा पैसा कमी पडला की दुकानदार, मच्छीमार, बसचालक यांच्याकडून खंडणी उकळतात. सामान्य माणसाला अमली पदार्थांच्या व्यापाराची झळ बहुतांशी या खंडणीच्या रूपाने बसते, आणि जप्तीच्या तक्त्यात तिचा मागमूसही नसतो.

हा धोका गरीब देशांपुरताच आहे, असेही समजू नये. नेदरलँड्समधील एका मोठ्या खटल्यात माफीच्या साक्षीदाराचा भाऊ २०१८ मध्ये, त्याचा वकील २०१९ मध्ये आणि त्याला सल्ला देणारे नामवंत पत्रकार २०२१ मध्ये मारले गेले. बेल्जियमच्या तत्कालीन न्यायमंत्र्यांना अपहरणाचा कट उघड झाल्यामुळे २०२२ मध्ये कडक संरक्षणात राहावे लागले.

काळी_माती

वर दोघांनीही माल एका वाटेवरून दुसरीकडे वळतो असे गृहीत धरले आहे. वाटांच्या बाबतीत ते बरोबर आहे. पिकांच्या बाबतीत मात्र हे विधान इतक्या सरसकट करता येणार नाही, असे मला वाटते.

अफगाणिस्तानचे उदाहरण घ्यावे. तालिबानने एप्रिल २०२२ मध्ये अफूच्या लागवडीवर बंदी घातली. त्या वर्षीचे पीक उभे होते, ते निघू दिले गेले; परंतु २०२३ मध्ये क्षेत्र २,३३,००० हेक्टरवरून १०,८०० हेक्टरवर आले आणि उत्पादन ६,२०० टनांवरून ३३३ टनांवर. म्यानमार त्याच वर्षी सुमारे १,०८० टनांसह जगातील पहिल्या क्रमांकाचा अफू उत्पादक झाला. वृत्तपत्रांनी याचे वर्णन ‘अफू अफगाणिस्तानातून म्यानमारला गेली’ असे केले, आणि ते दिशाभूल करणारे आहे. सुमारे ५,९०० टनांची घट एकीकडे आणि काहीशे टनांची वाढ दुसरीकडे, यांची बरोबरी होत नाही. म्यानमारमधील वाढीला मुख्यतः २०२१ च्या लष्करी उठावानंतर कोसळलेली अर्थव्यवस्था आणि शान राज्यातील युद्ध कारणीभूत आहे. जगातील एकूण अफू उत्पादन त्या एका वर्षात सुमारे तीन चतुर्थांशाने घटले.

मग हेरॉईनचा बाजार लगेच का कोरडा पडला नाही? कारण अफू नीट सुकवून ठेवली तर वर्षानुवर्षे टिकते. २०२२ च्या अखेरीस अफगाणिस्तानात सुमारे १३,००० टनांचा साठा असल्याचा अंदाज होता. बंदीनंतर किंमत अनेक पटींनी चढून २०२३ च्या अखेरीस किलोला हजार डॉलरच्या वर गेली. ज्यांच्याकडे साठा होता त्या मोठ्या जमीनदारांची आणि व्यापाऱ्यांची त्यात चांदी झाली. ज्याच्याकडे थोडी जमीन होती किंवा नव्हतीच, जो अफूच्या हंगामात बोंडांना चिरा देण्याच्या मजुरीवर घर चालवत होता, त्याचे सगळे गेले. अफूतून शेतकऱ्यांना मिळणारे उत्पन्न एका वर्षात १३६ कोटी डॉलरवरून ११ कोटींवर आले आणि त्या जागी पेरलेल्या गव्हाने त्याचा अंशही भरून निघाला नाही. बदख्शान प्रांतात पीक नष्ट करायला आलेल्या पथकांविरुद्ध मे २०२४ मध्ये लोक रस्त्यावर उतरले, गोळीबारात माणसे मेली. जी थोडी लागवड उरली तीही दक्षिणेच्या हेलमंदकडून ईशान्येच्या या डोंगराळ भागाकडे सरकली आहे.

याच राजवटीने २००० मध्येही अशीच बंदी घातली होती. २००१ मध्ये पीक नाममात्र उरले, सत्ता पडली आणि पुढच्याच हंगामात लागवड परतली. शेतकऱ्याच्या गळ्यातील कर्ज तसेच असताना लादलेली बंदी किती काळ टिकते, हे त्यातून दिसते. थायलंडने उलट क्रम धरला. उत्तरेच्या डोंगरात १९६९ पासून रस्ते, शाळा, कॉफी आणि फळबागा आल्या, बाजारपेठ उभी राहिली. लागवड मोडण्याची सक्ती मोठ्या प्रमाणावर त्यानंतरच झाली. त्याला तीसेक वर्षे लागली, आणि तेथे अफू पुन्हा त्या प्रमाणात परतलेली नाही. तुर्कस्तानने १९७० च्या दशकाच्या आरंभी घातलेली बंदी १९७४ मध्ये उठवली आणि बोंडांना चीर न देता वाळलेली बोंडे थेट सरकारने विकत घ्यायची पद्धत आणली. त्यातून औषधी मॉर्फीन मिळते आणि शेतकऱ्याच्या हाती चोरून विकायला चीक उरत नाही. प्रादेशिक अहवालांत या दोन देशांना जेमतेम परिच्छेद मिळतो, याचे मला मनापासून वाईट वाटते.

नकाशावाचक

तिघांचेही आभार. पीक, वाट आणि हिंसाचार या तीन गोष्टी मी एकाच मापाने मोजत होतो, त्या वेगळ्या धरायला हव्यात हे आता लक्षात आले. यावरून एक उपप्रश्न उरतो. ज्या पदार्थांना पीकच लागत नाही, त्यांच्या बाबतीत ‘प्रदेश’ या संकल्पनेला काय अर्थ राहतो?

रसशाळा

अर्थ राहतो, पण भूगोलाचे निकष बदलतात. कोका अँडीज पर्वताच्या उतारांना बांधलेला आहे आणि अफूला हंगाम लागतो. मेथअँफेटामाइन हे उत्तेजक किंवा फेंटानिल हे अफूसारखा परिणाम करणारे अतितीव्र कृत्रिम वेदनाशामक यांना रसायने, थोडेफार प्रशिक्षित हात आणि पोलीस न फिरकणारी जागा एवढेच पुरते. त्यामुळे आता दोन गोष्टी प्रदेश ठरवतात. रासायनिक उद्योग कोठे आहे ही एक, आणि कायद्याचे राज्य कोठे नाही ही दुसरी.

म्यानमारचे शान राज्य दुसऱ्या प्रकारात मोडते. चीन, लाओस आणि थायलंडच्या सीमांवरील या प्रदेशात अनेक सशस्त्र गटांचे आपापले इलाखे आहेत. रसायने सीमेपलीकडून येतात, तयार माल मेकाँगच्या खोऱ्यातून आणि अंदमान समुद्रातून बाहेर पडतो. पूर्व आणि आग्नेय आशियात २०२३ मध्ये मेथअँफेटामाइनची १९० टन आणि २०२४ मध्ये २३६ टन जप्ती झाली, आणि तरीही अनेक ठिकाणी किंमत उतरली किंवा स्थिर राहिली. दीपस्तंभ यांनी सांगितलेली कसोटी लावल्यास पुरवठा जप्तीपेक्षा वेगाने वाढला असेच म्हणावे लागते. नोव्हेंबर २०२४ मध्ये भारतीय तटरक्षक दलाने अंदमानजवळ म्यानमारच्या एका मासेमारी नौकेतून साडेपाच टनांहून अधिक मेथअँफेटामाइन पकडले, ते याच प्रवाहातले. मे २०२३ मध्ये कोचीजवळच्या समुद्रात पकडलेले सुमारे अडीच टन मात्र पश्चिमेकडून, इराण-पाकिस्तानच्या मकरान किनाऱ्याच्या दिशेने आले होते. अफगाणिस्तानात एफेड्रा या रानटी झुडपापासून मेथअँफेटामाइन बनवण्याचे तंत्र २०१७ च्या सुमारास पसरले आणि हेरॉईनच्या जुन्या सागरी वाटेवर हा नवा माल चढला. अफूवरील बंदीचे मूल्यमापन करताना ही बाजू सुटता कामा नये.

फेंटानिलचा प्रवास आणखी बोलका आहे. चीनने मे २०१९ पासून त्याच्या सर्व प्रकारांवर एकगठ्ठा नियंत्रण आणले. टपालाने थेट अमेरिकेत जाणारी पाकिटे खरोखरच कमी झाली. त्याऐवजी कच्ची रसायने मेक्सिकोला जाऊ लागली आणि तेथील टोळ्या तो पदार्थ तयार करू लागल्या. अमेरिकेत अतिसेवनाने होणारे मृत्यू २०२२ मध्ये सुमारे १,०८,००० होते, २०२४ मध्ये ते ८०,००० च्या आसपास आले. श्वास पुन्हा सुरू करणारे नॅलोक्झोन हे औषध २०२३ पासून चिठ्ठीविना मिळू लागले, उपचारांची सोय वाढली, पुरवठ्याचे स्वरूपही बदलले; या सर्वांचा त्यात वाटा आहे. जप्तीच्या टनांऐवजी वाचलेले जीव मोजले जावेत, असे मला वाटते ते याच कारणाने. फेंटानिलचे दोन मिलिग्रॅमही प्राणघातक ठरू शकतात. अशा पदार्थाच्या बाबतीत वजनाच्या तक्त्याला जवळजवळ काहीच अर्थ उरत नाही.

उत्तरायण

रसशाळा यांनी कायद्याचे राज्य नसलेल्या जागांचा उल्लेख केला, त्याला सीरियाची जोड देते. तेथे ही जागा खुद्द सत्तेच्या आश्रयाने तयार झाली. युद्ध आणि निर्बंध यांनी खंक झालेल्या राजवटीशी संबंधित माणसांनी कॅप्टॅगॉन या उत्तेजक पदार्थाच्या गोळ्यांचा उद्योग उभारला. त्या गोळ्या फळांत, यंत्रांत, बांधकामाच्या साहित्यात लपवून मुख्यतः आखाती देशांत जात. जुलै २०२० मध्ये इटलीच्या सालेर्नो बंदरात एकाच वेळी ८.४ कोटी गोळ्या सापडल्या. एप्रिल २०२१ मध्ये सौदी अरेबियाने डाळिंबांत लपवलेल्या गोळ्या सापडल्यावर लेबनॉनमधून फळे-भाज्या घेणेच बंद केले, आणि त्या गुन्ह्याशी ज्यांचा काहीही संबंध नव्हता अशा लेबनीज शेतकऱ्यांची बाजारपेठ गेली. डिसेंबर २०२४ मध्ये असद राजवट कोसळल्यावर दमास्कसच्या परिसरात गोळ्यांचे साठे आणि कारखाने उघड झाले. मागणी मात्र आखातात तशीच आहे.

संबंधित गुन्हेगारीविषयी कोणी लिहिले नाही, म्हणून तेवढे जोडते. मेकाँग खोऱ्यातील सीमेवरचे कॅसिनो आणि विशेष आर्थिक क्षेत्रे आधी जुगाराच्या आडून अमली पदार्थांचा पैसा फिरवत होती. महासाथीत पर्यटक थांबले, तेव्हा त्यांतील अनेक वास्तूंत ऑनलाइन फसवणुकीची केंद्रे उभी राहिली आणि नोकरीच्या जाहिरातींना भुलून आलेल्या तरुणांना तेथे कोंडून त्यांच्याकडून परक्या देशांतील लोकांना लुबाडण्याचे काम करून घेतले जाऊ लागले. भारतीय तरुणही त्यांत अडकले आणि सरकारला त्यांना सोडवून आणावे लागले. पैसा फिरवणारे दलाल, बेकायदा सावकारी पेढ्या, आभासी चलनाची खाती आणि संरक्षण देणारे सशस्त्र गट बऱ्याच ठिकाणी पूर्वीचेच आहेत. या भागातील मेथअँफेटामाइनचा अहवाल आणि ऑनलाइन फसवणुकीचा अहवाल वेगवेगळ्या खात्यांकडून वेगवेगळे प्रसिद्ध होतात. नकाशावाचक, आपण ते शेजारी ठेवून वाचावेत. ठिकाणांची नावे पुष्कळदा जुळतात.